कंपाउंडर पास

डॉक्टरांनी कुणाला राम राम घातलेला मी कधी ऐकला नाही. माणूस समोर आला की ते म्हणायचे, "हात." मग तो पाटील असो, कोतवाल असो, नाहीतर बाजाराला निघालेली म्हातारी असो. समोरच्याने दोन्ही हात पुढे करायचे, डॉक्टर वाकून नखं बघायचे आणि मग पोटाची चौकशी सुरू. भूक लागते का, लेकरं झोपेत दात खातात का, कुणी माती खातं का. एवढं झाल्याशिवाय पुढचं बोलणं नाही. गावात नवा आलेला माणूस तर घाबरूनच जाई. त्याला वाटे हा पोलिसातला असावा.

मी चिखलीची. बाजाराचं गाव, मुलींची शाळा, त्यामुळे चार बुकं शिकलेली. लग्न करून आले ती जानेफळच्या वाटेवरच्या एका खेड्यात. वऱ्हाड तेव्हा नागपूरच्या कारभारात होतं, आणि लोकल बोर्डाने आमच्या गावाला दवाखाना दिला होता. दिला म्हणजे काय, एक खोली, एक बाकडं, काही बाटल्या आणि हे डॉक्टर. त्यांना राहायला जागा नव्हती म्हणून माझ्या सासऱ्यांनी घराची ओसरीकडची बाजू त्यांना दिली. त्यांची खोली आणि आमचं स्वयंपाकघर यांच्यात एकच मातीची भिंत. तिकडे उचकी लागली तरी इकडे ऐकू यायची. म्हणून मी सांगते त्यातलं ऐकीव फार थोडं आहे.

गाव त्यांना बह्याड डॉक्टर म्हणे. बह्याड म्हणजे डोकं फिरलेला. आणि खरं सांगायचं तर गावाचं काही चुकत नव्हतं. त्या माणसाच्या डोक्यात जंतांशिवाय दुसरं काही नव्हतंच. ताप घेऊन जा, खोकला घेऊन जा, शेवटी गाडी पोटावर यायची. विंचू चावलेल्या माणसालासुद्धा औषध देऊन झालं की ते रिकामी काडेपेटी द्यायचे. सकाळी यात थोडं घालून आण, वर नाव लिहून घे. कशातलं थोडं, ते तुम्ही समजून घ्या. त्यांच्याकडे पितळेची एक दुर्बीण होती, डोळ्याला न दिसणारं मोठं करून दाखवणारी, तिच्याखाली ते सगळ्या गावाची सकाळ बघत बसायचे. बाकी लोक सकाळी उठून देवाचं तोंड बघतात.

या काडेपेट्या त्यांच्या खिडकीत रांगेने ठेवलेल्या असायच्या. एकदा सासूबाईंची पेटी संपली. चूल पेटवायची घाई, त्यांनी खिडकीतून हात घालून एक उचलली आणि चुलीपुढे बसून उघडली. बाप्पा! सासूबाईंनी डोक्यावरून पाणी घेतलं, सगळं स्वयंपाकघर सारवून काढलं, गोमूत्र शिंपडलं आणि भिंतीकडे तोंड करून डॉक्टरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पलीकडे सगळं ऐकू गेलं होतं. आरडाओरडा थांबल्यावर भिंतीपलीकडून शांत आवाज आला, "कुणाची पेटी होती तेवढं सांगा. वर नाव आहे."

अशा माणसाला कोण जवळ करणार? एका लग्नाच्या पंगतीत ते जेवायला बसले होते. वाढपी बुंदी घेऊन आला. डॉक्टर पानावरून म्हणाले, "हात." वाढप्याच्या एका हातात बुंदीचं भांडं, दुसऱ्या हातात मूठभर बुंदी, तो काय दाखवणार? डॉक्टर उठले आणि पंगतभर फिरून सगळ्या वाढप्यांची नखं बघून आले. नवरदेवाच्या काकाचीही बघितली. त्यानंतर गावात कुणी त्यांना जेवायला बोलावलं नाही. वाईट कुणीच बोललं नाही, आमंत्रण द्यायला येणारा फक्त त्यांचं दार सोडून पुढे जायचा. दिवाळीत मी फराळाचं ताट भिंतीतल्या आरपार कोनाड्यातून सरकवत असे. ताट घेताना ते आधी माझे हात बघायचे. मला राग यायचा, पण मी दाखवत असे.

बायको होती. अमरावतीला माहेरी राहायची. एकदा आली होती, गोरीपान, अबोल, हातात भरतकामाचं कापड घेऊन बसलेली. डॉक्टरांनी तिलाही पहिल्याच दिवशी काडेपेटी दिली. मी पलीकडे पोळ्या लाटत होते. मला तिचा रडण्याचा आवाज आला आणि डॉक्टरांचा समजावण्याचा. अगं, यात लाज कसली, मी स्वतःचीही बघतो. ती पहिल्याच गाडीने परत गेली आणि पुन्हा आली नाही. डॉक्टर तिच्याबद्दल कधी बोलले नाहीत. पण तिने माहेरून आणलेलं आरसा-फणीचं ताट खिडकीत काडेपेट्यांच्या शेजारी तसंच असायचं, आणि ते रोज पुसत.

मग त्यांनी कुत्रा पाळला. बोर्डाकडे ते कायम कंपाउंडर मागत. बोर्डाने काही दिला नाही. एक दिवस उकिरड्यावरून कानतुटकं पिलू उचलून आणलं आणि सासऱ्यांना सांगितलं, "नेमणूक झाली. हा माझा कंपाउंडर."

गावातली बाकीची कुत्री गावाची असतात, हा एकट्या डॉक्टरांचा होता. त्याला दोरीला बांधून ठेवत, बाहेरचं काही तोंडात घालू देत नसत. स्वतः भाकरी करून चारत. डॉक्टर बाजारातून सुपारी आणायचे. लोक म्हणायचे, चला, माणसाला एक तरी नाद आहे. पण ती सुपारी कुटून ते कुत्र्याला चारायचे, जंत पडावेत म्हणून. "हात" म्हटलं की तो पुढचा पाय उचलून द्यायचा, नि डॉक्टर त्याचीही नखं बघायचे. अधूनमधून त्याचंही ते दुर्बिणीखाली बघत आणि माझी भाकरी तव्यावर असताना भिंतीपलीकडून ओरडत, "वहिनी, कंपाउंडर पास!" सासूबाई कपाळाला हात लावायच्या. मी म्हणायची, पेढे वाटा. संध्याकाळी दवाखान्यातून आले की ते त्याच्याशी बोलत बसायचे. कोण आलं, कुणी औषध घेतलं, कुणी फेकून दिलं. दिवसभरात बोलायचं राहिलेलं सगळं त्या कुत्र्याला सांगायचे.

मी त्यांना हसायची थांबले ती माझ्या मुलीमुळे. ती रांगून चालायला लागली तसं पोट नगाऱ्यासारखं, हातपाय काड्या. भिंतीची माती खरवडून खायची. सासूबाईंनी दृष्ट काढली, ताईत बांधला, त्यात वर्ष गेलं. शेवटी मीच तिला उचलून डॉक्टरांपुढे नेलं. त्यांनी एक पांढरी पूड दिली, वर एरंडेल. सांगून ठेवलं, हिला थोडा वेळ सगळं पिवळं दिसेल, घाबरू नका. आणि खरंच, दुपारी पोरगी माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, तुले हयद लागली." मग मांजर पिवळं, भिंत पिवळी, आजी पिवळी. ती हसत होती आणि मी रडत होते. दुसऱ्या दिवशी तिच्या पोटातून जे पडलं ते डॉक्टरांनी काडीने पसरून मला दाखवलं, इतक्या आनंदाने की जणू खजिना सापडला. महिनाभरात पोरगी भाकरी मागून खायला लागली. त्या दिवसापासून मी त्यांना बह्याड म्हटलं नाही.

आता मुख्य गोष्ट. आमच्याकडे लहान लेकरू अंगणात बसलं की आई दारातून आवाज द्यायची, "यूऽ यूऽ." गल्लीतलं कुत्रं धावत यायचं, अंगण साफ करायचं, लेकरालाही चाटून काढायचं. आईचे हात पिठात असायचे, पाणी दूरच्या विहिरीवर. कुत्र्याचं पोट भरायचं, तिचं काम व्हायचं. माझ्या सासूबाईंनी माझ्या नवऱ्याच्या वेळी हेच केलं होतं, मीही करत होते. यात काही वाईट आहे हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

ही हाक ऐकली की डॉक्टर हातातलं काम टाकून धावत सुटायचे. राखेचा डबा घेऊन. अंगणात पोचून कुत्र्याच्या आधी राख टाकायची, ही त्यांची शर्यत. कुत्रं जिंकायचं. बाया पदर तोंडात घालून हसायच्या. समोरच्या माळ्याची सून गिरजा, हिचं घर त्यांच्या अगदी दारासमोर. तिला दोन पोरं, एक चालतं-बोलतं, एक पाळण्यातलं. दिवसभर ती सासऱ्याबरोबर भाजीच्या वाफ्यात राबायची. तिला डॉक्टरांनी किती वेळा बजावलं असेल. खड्डा कर, राख टाक, कुत्र्याला बोलावू नको. लेकराच्या पोटातलं जंताचं अंडं कुत्र्याच्या पोटात मरत नाही, तो ते जसंच्या तसं विहिरीपाशी, वाफ्यात, चुलीपाशी सोडत हिंडतो. काही जंत तर दोघांच्याही पोटात नांदतात. गिरजा ऐकून घ्यायची. एकदा म्हणाली, "मले सकायपासून वावरात जा लागते, डॉक्टर. खड्डा कवा खंदू मी? कुत्रं तं एका हाकेत येते."

तिला दोष देऊन काय उपयोग? तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. माझ्या घरी खणायला गडी होता.

गिरजेचा मोठा पोरगा त्या हिवाळ्यात गेला. पोट ताठ झालं, ओकारीतून जंत पडायला लागले. आधी देवऋषी झाला, मग डॉक्टरांकडे आणलं. डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला आणि त्यांचा चेहराच उतरला. आतड्यात जंतांचा गोळा अडकला होता. आता औषध दिलं तर तो जास्तच आवळेल, म्हणाले, मेहकरला मोठ्या दवाखान्यात न्या. गाडी जुंपली. डॉक्टर स्वतः पोराला मांडीवर घेऊन गाडीत बसले. गाडी अर्ध्या वाटेवरून परत आली.

गिरजेचा सासरा, सखाराम माळी, त्या नातवावर जीव टाकायचा. खांद्यावर बसवून मळ्यात न्यायचा. तो चावडीवर जाऊन बसला आणि पाटलाला म्हणाला, डॉक्टर वर्षभर बोंबलून राह्यला की कुत्र्यापायी होते, आपण ऐकलं नाही. गाव हळहळलं. प्रत्येकाच्या घरात नगाऱ्यासारखी पोटं होती, प्रत्येकाला भीती बसली. पण ठरलं काय? खड्डे खणायचे ठरलं नाही. हात धुवायचे ठरलं नाही. ठरलं कुत्री मारायची. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ते हे.

डॉक्टर बोर्डाच्या कामाला मेहकरला गेले होते तो दिवस धरला. भाकरीत कुचल्याचं विष कालवलं. पण मोकाट कुत्री हाताला कशी लागणार? मग कुणाला तरी सुचलं. बायांना दारात उभं केलं आणि सांगितलं, बोलवा. सगळ्या गल्लीत एकदम हाक सुरू झाली, यूऽ यूऽ. कुत्री आली हो. शेपट्या हलवत, उड्या मारत, एकमेकांना ढकलत आली. त्यांना त्या हाकेचा एकच अर्थ ठाऊक होता. मी दार लावून घेतलं आणि मुलीचे कान झाकून बसले. अजूनही कुणी कुत्र्याला यू यू केलं की माझ्या अंगावर काटा येतो.

भिंतीपलीकडे कंपाउंडर बांधलेला होता. त्याने मान वर केली आणि पुन्हा खाली ठेवली. त्याला ती हाक कळतच नव्हती. डॉक्टरांनी त्याला कधी त्या नावाने बोलावलंच नव्हतं.

डॉक्टर परतले तेव्हा गाव गप्प होतं. सगळं समजल्यावर ते ओट्यावर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी सखाराम आला. मागे चार माणसं, पण ती खालीच थांबली. मी दारात उभी होते. सखाराम म्हणाला, "साऱ्या गावाचे कुत्रे गेले. तुमचाच काऊन राह्यला?"

त्यात राग नव्हता, न्यायाची गोष्ट होती. सगळ्यांची गेली तर डॉक्टरांचाही गेला पाहिजे. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही माझं अर्धंच ऐकलंत, सखारामबाबा. जंत कुत्र्याचा नव्हता. आपला होता. आपणच त्याला खाऊ घातला, आणि त्याने तो आपल्याला परत आणून दिला."

सखारामच्या डोक्यात त्यातलं काही शिरलं नसावं. दोरी घ्यायला त्याने हात पुढे केला. कंपाउंडरला वाटलं आपली पाळी आली. त्याने पुढचा पाय उचलला आणि म्हाताऱ्याच्या हातात दिला.

सखाराम तो पाय धरून उभा राहिला. पोरगा गेल्यापासून म्हातारा रडला नव्हता, गिरजाच सांगायची. आता रडायला लागला. रडता रडताच म्हणाला, "माह्या नातवाचेबी हात तुमी पाह्यले होते ना?"

"पाहिले होते."

"मंग?"

म्हाताऱ्याने कुत्र्याचा पाय हळूच खाली ठेवला आणि निघून गेला. माणसंही गेली.

त्यानंतर गावात कुत्रा एकच उरला. संध्याकाळ झाली की तो ओट्यावर उभा राहून भुंकायचा, थांबायचा, कान टवकारायचा. कुठूनच उत्तर यायचं नाही. पुन्हा भुंकायचा. असं अंधार पडेपर्यंत. मग खाणं सोडलं त्याने. डॉक्टर भाकरी तुपात बुडवून पुढे धरायचे, तो तोंड फिरवायचा. एकदा मला म्हणाले, "वहिनी, याला या गावात बोलायला कुणी राहिलं नाही हो." मला फार वाईट वाटलं. मला म्हणावंसं वाटलं की तुम्ही आमच्याकडे येऊन बसत जा, जेवायला या. पण सून माणूस, परक्या पुरुषाला असं कसं म्हणणार? मी भाजीची वाटी सरकवली.

शेवटी त्यांनी त्याची दोरी सोडली. म्हणाले, जरा हिंडून येऊ दे. इतकी वर्षं जिवापाड सांभाळलेला नियम त्यांनी स्वतःच्या हाताने मोडला, त्या जनावराला एकटं वाटतं म्हणून.

कंपाउंडर हिंडायला लागला. दारोदार भाकरीचा तुकडा मिळायला लागला. पोरं त्याच्या गळ्यात पडायची, तो पाय द्यायचा, सगळी हसायची. कुत्री नसल्यामुळे अंगणं घाण झाली होती, माशा घोंगावायच्या. मग आधी एका दारातून, मग दुसऱ्या दारातून, हळू आवाजात, डॉक्टर दवाखान्यात असतील तेव्हा, ती हाक पुन्हा ऐकू यायला लागली. शहाणा कुत्रा, लवकर शिकला.

मी अंगणाच्या कोपऱ्यात गड्याकडून खड्डा खणून घेतला होता. गिरजेलाही म्हटलं, तुझ्याकडे पाठवू का गड्याला? ती म्हणाली, बुढ्याले इचारते. पुढे काही झालं नाही.

एका सकाळी डॉक्टर दुर्बिणीपुढे बसलेले मला कोनाड्यातून दिसले. बराच वेळ डोळा लावून होते. मी भाकरी उलटली, दुसरी टाकली, तरी आवाज नाही. म्हणून मीच विचारलं, "काय हो, कंपाउंडर पास ना?"

त्यांनी दुर्बिणीवर तिचं फडकं घातलं, चारी बाजूंनी नीट ओढून घेतलं.

"नापास," म्हणाले.

मला वाटलं आता ते त्याला बांधतील, सुपारी कुटतील. त्यांनी काहीच केलं नाही. खिडकीतल्या काडेपेट्या एक दिवस दिसेनाशा झाल्या. बदली मागितल्याचं सासऱ्यांकडून कळलं. ते रस्त्याने जात तेव्हा लोक सवयीने हात पुढे करत, आणि ते बघून न बघितल्यासारखं करत पुढे जात. लोकांनाच मग चुकल्या चुकल्यासारखं व्हायचं. एक म्हातारी मला म्हणाली, डॉक्टर रागावला काय वं आमच्यावर?

निघायच्या दिवशी गाडी दारात उभी होती. पितळेची दुर्बीण एका पेटीत, बायकोचं आरसा-फणीचं ताट धोतरात गुंडाळलेलं. गाडीत गवतावर घोंगडी अंथरून कुत्र्यासाठी जागा केलेली होती. कंपाउंडर गल्लीच्या मध्ये उन्हात बसला होता. डॉक्टरांनी हाक मारली, "कंपाउंडर." तो उठला, शेपूट हलवत निघाला. आणि तेवढ्यात समोरच्या अंगणातून आवाज आला, यूऽ यूऽ.

गिरजा होती. पाळण्यातलं पोर आता अंगणात बसायला लागलं होतं. तिचे हात पिठात होते. तिने डॉक्टरांची गाडी बघितलीसुद्धा नसावी.

कुत्रा मध्येच थांबला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. डॉक्टरांनी पुन्हा हाक मारली नाही. ते नुसते उभे होते. राखेचा डबा ओट्यावरच होता, हाताच्या अंतरावर. मला वाटलं आता धावतील. कंपाउंडर वळला आणि गिरजेच्या अंगणात गेला.

डॉक्टरांनी घोंगडीची घडी घातली आणि बाजूला ठेवली. मग माझ्याकडे वळले. सासरे घरात नव्हते, निरोप द्यायला मी एकटीच दारात होते. डॉक्टरांनी दोन्ही हात जोडले.

"राम राम, वहिनी," म्हणाले, आणि गाडीत बसले.

मी सवयीने दोन्ही हात पुढे केले होते. गाडी वळणाआड जाईपर्यंत ते तसेच होते.